कर्ज किती आहे?

हळदीच्या दिवसांत झोप पुरत नाही, ही आमच्याकडची दरवर्षीची तक्रार. 2017 च्या हंगामात माझं उलटं झालं होतं. झोपायला वेळ होता, झोप नव्हती. भल्या पहाटे डोळे उघडायचे आणि मग उजाडेपर्यंत एकच धास्ती, आता दिवस निघणार आणि तो काढावा लागणार.

भोकरपासून थोडं आत आमचं रान आहे. विहिरीच्या पाण्यावर थोडी हळद, बाकी सोयाबीन आणि कापूस. त्या वर्षी हळद निघाली, आखाड्यावर कुकर आला. हळद शिजवणं म्हणजे डोळ्यांत तेल घालून करायचं काम. वाफ कमी बसली की हळकुंड आतून कच्चं राहतं, जास्त बसली की माल बिघडतो. काडी टोचून बघायची. अडखळत नाही, सरळ आत जाते, तेव्हा ड्रम उपसायचा. विशीपासून हे मीच करत आलोय. त्या दिवशी काडी हातात धरून उभा राहिलो आणि टोचावं की थांबावं, एवढंही ठरवता येईना. सालगडी येऊन विचारून गेला, "मालक, काढायचं का?" परत आला, परत विचारलं. शेवटी त्यानंच काढलं. माल वाया गेला असता तरी मला काही वाटलं नसतं. पुढं डॉक्टरांनी "पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" असं विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं.

त्याआधी बाकीचं सगळं येऊन बसलेलंच होतं. जेवणाची चव गेली होती. पोरगी शाळेतलं सांगायला लागली की कान ऐकायचे, डोक्यात काही उतरायचं नाही. फोन वाजला की अंगावर काटा. चौकात चहाला जाणं बंद केलं, कारण तिथं गेलं की बोलावं लागतं.

आणि ज्याला कळलं त्यानं पहिला प्रश्न हाच केला, "कर्ज किती आहे?"

यात कुणाची चूक नाही. मराठवाड्यात शेतकरी गप्प झाला की लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यामागं कर्ज असणार हे गृहीतच असतं. 2014 ची गारपीट, पाठोपाठचे दुष्काळ, 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी, हे सगळ्यांनी बघितलंय. माझ्यावरही कर्ज होतं, पण चारचौघांवर असतं तेवढंच. 2016 चा पाऊस चांगला झाला होता. नोटाबंदीत मजुरीचे पैसे द्यायला ओढाताण झाली, तीही सगळ्यांचीच झाली. मी आकडा सांगितला की समोरचा म्हणायचा, "एवढंच ना? मग काय टेन्शन घेतोस! मन खंबीर कर." म्हणजे दुःखाला लागेल एवढं कर्जसुद्धा माझ्याकडं नव्हतं. मलाही तेच पटायला लागलं, की आपल्याला काही झालेलं नाही, आपण नुसते आळशी आणि नालायक झालोत. कर्जाच्या आकड्यापेक्षा हा हिशोब जास्त जीवघेणा होता.

मायनं तिच्या परीनं धावपळ केली. एका बाबाकडं नेलं. नाव-गाव सोडून देतो. तिथं आधी करणी निघाली, मग त्यावर उपाय निघाला, मग उपायाचा भाव निघाला. गळ्यात गंडा बांधून घरी आलो. मायला त्या रात्री शांत झोप लागली, हा त्या गंड्याचा एक फायदा मी मान्य करतो.

आशाताई आली ती वेगळ्याच कामाला. राज्य सरकारनं शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत, मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा, 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला होता. घरोघर जाऊन आशांनी प्रश्न विचारायचे, ज्याचं मन ढासळलंय त्याला दवाखान्यापर्यंत पोचवायचं, असं ते काम. ती ओट्यावर बसली, कागद काढला. कर्जाचं विचारेल म्हणून मी आकडा तयार ठेवला होता. तिनं विचारलं, "भाऊ, झोप लागती का?" मग भूक. मग कामात मन लागतं का. आणि मग त्याच आवाजात, कागदावरून नजर न काढता, "जीव द्यावा असं मनात येतं का?"

इतके महिने लोक माझ्याशी बोलत होते, हे कुणी विचारलं नव्हतं. मी "हो" म्हणालो. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

त्या संध्याकाळी फवारणीची औषधं ठेवायच्या खोलीची किल्ली खुंटीवरून गेली आणि बायकोच्या कमरेच्या चाव्यांत आली. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. अशा वेळी विष हाताशी नसणं याला किती महत्त्व आहे, हे मला पुढं डॉक्टरांकडून कळलं. वाईट घटका पुष्कळदा थोड्या वेळात टळते, तेवढा वेळ मिळाला पाहिजे. बायकोला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आशाताईनं ग्रामीण रुग्णालयाचं आणि नांदेडच्या मेडिकल कॉलेजचं सांगितलं. मी दुसरं निवडलं, कारण भोकरात कुणीतरी बघेल. मावसभाऊ सोबत आला. आदिलाबादकडून येणाऱ्या गाडीनं नांदेड, तिथून ऑटोनं विष्णुपुरी. वाटेत तो सोयाबीनच्या भावावर बोलत राहिला, आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही, कारण उत्तराची त्याची अपेक्षाच नव्हती.

मानसोपचार म्हटलं की आमच्या डोक्यात येरवडाच येतं. सरकारी मनोरुग्णालयं तेव्हा चारच, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी; मराठवाड्यात एकही नाही, त्यामुळं ऐकीव गोष्टींवरच सगळी भीती. इथं साधी ओपीडी होती. केसपेपर, बाकडं, गर्दी. शेजारी एक बाळंतीण आईबरोबर बसलेली, पलीकडं इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस घड्याळ बघत होता, बहुतेक अर्ध्या दिवसाच्या रजेवर आलेला. त्यांच्याकडं बघून मला जरा हलकं वाटलं.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड कमी असलं तरी माणूस असाच ढेपाळतो म्हणाल्या. ते ठीक निघालं. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, नैराश्य, आणि गोळीबद्दल स्पष्ट बोलल्या. गुण यायला दोन ते चार आठवडे जातील, सुरुवातीला मळमळेल, या गोळ्यांची चटक लागत नाही, पण बरं वाटायला लागलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. शिवाय एक वही घालायला सांगितली. रोज दोन कामं आदल्या रात्री लिहायची आणि मन असो-नसो दुसऱ्या दिवशी करायची. माझ्या वहीतली पहिली कामं अशी: दाढी करणे. विहिरीपर्यंत जाऊन येणे. चाळिशीकडं झुकलेल्या माणसानं हे लिहायचं म्हणजे लाजच. "मन खंबीर करा" असं मात्र त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

बरं होणं दिसत नाही. पहिले काही दिवस तर मळमळीनं आणखी वैतागलो. मग एका जेवणात मिरचीचा ठेचा तिखट लागला. मग पोरीनं काहीतरी सांगितलं आणि मी उलट प्रश्न विचारला. तिनंच दचकून बघितलं. आशा म्हणतात ती मला अशीच भेटली, किरकोळीत.

त्या सुमारास 'कासव' या मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ मिळालं होतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. नैराश्यातल्या तरुणाला एक बाई कोकणात समुद्रकाठी सांभाळते, जास्त काही विचारत नाही. मी तो पुढं बघितला. आमच्याकडं समुद्र नाही, आणि काही न विचारता सांभाळायला घर मोठं लागतं. आमच्या दोन खोल्यांत माझं गप्प बसणं सगळ्यांच्या पायात यायचं. तरी तो पोरगा जेवणाकडं ज्या नजरेनं बघतो ती मला ओळखीची वाटली.

गोळ्या डॉक्टरांनीच हळूहळू कमी करून 2018 मध्ये थांबवल्या. मग 2020 चा मार्च आला, गाड्या बंद झाल्या, बाजार बंद झाला. काही आठवड्यांतच पहाटेचं जागणं परत सुरू झालं. या वेळी मी कुणाच्या प्रश्नाची वाट बघितली नाही. सकाळी बायकोला म्हणालो, "ते परत यायलंय." तिनं आधी किल्ली उचलली, मग फोन माझ्या हातात दिला. डॉक्टरांशी फोनवर बोललो, ग्रामीण रुग्णालयात भोकरच्या माणसांदेखत रांगेत उभा राहिलो, गोळ्या सुरू झाल्या. आजार तोच होता, पण तो मला आता तोंडओळखीचा होता. त्या खेपेला हळद मीच शिजवली.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. गोळीनं कापसाचा भाव वाढत नाही. ज्याच्या घरी सावकार दारात बसलाय त्याला नुसती गोळी देऊन पाठवणं ही थट्टा आहे; त्याचं कर्जही बघावं लागतं. पण प्रत्येक दुःख सातबाऱ्यात आणि पीककर्जातच शोधलं, तर माझ्यासारखा माणूस कुठल्याच यादीत येत नाही.

आता लोक मला फोन करतात. कुणाच्या घरात जीव द्यायचा प्रयत्न झालेला असतो आणि केस होईल म्हणून झाकून ठेवतात. त्यांना मी सांगतो, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला तणावाखाली असलेला मानलंय, त्याला उपचार देणं सरकारचं काम ठरवलंय. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर जुनं 309 कलमच ठेवलेलं नाही. आधी दवाखाना गाठा.

मागच्या महिन्यात हिमायतनगरकडच्या एका नातलगाचा फोन आला. पोरगा पुण्याहून परीक्षेचा नाद सोडून आलाय, खोलीबाहेर निघत नाही. "दादा, तिथं ठेवून घेतील का हो त्याला?" म्हणाला. मी म्हणालो, उद्या नांदेडला दाखवू, बहुतेक संध्याकाळी घरी येशील. तोवर रात्री-बेरात्री घाबरलात तर 14416 लावा, टेलिमानस, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. घरातली औषधं कुलपात घाल. उद्या त्याचं आधार कार्ड घे, आधी कुठं दाखवलं असेल तर त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घे, त्याला काहीतरी खाऊ घालून निघ. आणि गाडीत त्याला काही समजावत बसू नकोस. मी भोकरला चढतो.