सांगा पाहू!

सुविचार नेमके कुठे तयार होतात याचा शोध अजून कुणी लावलेला नाही. ते फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आढळतात, दिनदर्शिकेच्या पाठीवर आढळतात, दवाखान्यात 'चपला बाहेर काढाव्यात' या पाटीच्या शेजारी आढळतात आणि हल्ली रोज पहाटे साडेपाचला एका गुलाबाच्या फुलासकट मोबाईलवर येऊन पडतात. त्यांचा कर्ता कोण, हेही कुणी विचारू नये. एकच सुविचार एका शाळेत स्वामी विवेकानंदांच्या नावावर असतो, दुसऱ्या शाळेत सॉक्रेटिसच्या, आणि तिसऱ्या शाळेत, खडू संपत आला असेल तर, कुणाच्याच नाही.

मी गिरगावात ज्या वर्गात चौथी काढली तिथे 'वेळ हीच संपत्ती' हा सुविचार वर्षभर फळ्यावर होता. कारण त्याच्याखाली 'पुसू नये' असं लिहिलेलं होतं. त्याच भिंतीवर एक घड्याळ होतं, ते चार वाजून दहा मिनिटांवर बंद पडलेलं. आम्ही पोरं खूश होतो. शाळा सव्वाचारला सुटायची, त्यामुळे कधीही मान वर केली तरी सुटायला पाचच मिनिटं असायची!

सुविचाराचा जुळा भाऊ म्हणजे सामान्य ज्ञान. दोघं एकाच पाळण्यातले, म्हणजे एकाच परिपाठातले; पण प्रकृती अगदी वेगळी. सामान्य ज्ञान नासतं. मी उलट हातावर छड्या खाऊन महाराष्ट्राचे 26 जिल्हे पाठ केले. त्यातला कुलाबा 1981 साली रायगड झाला, मग जिल्ह्यांना जिल्हे फुटत गेले आणि 2014 साली पालघर झाल्यावर ते 36 झाले. सूर्याचे ग्रह पाठ केले नऊ. 2006 साली शास्त्रज्ञांनी एक सभा घेऊन प्लूटोला पंगतीतून उठवलं. म्हणजे आज माझ्या पिढीजवळ एक ग्रह जादा आणि दहा जिल्हे कमी आहेत, आणि पाठ केलेला माल परत घ्यायची पद्धत शिक्षणखात्यात नाही. उलट 'नेहमी खरे बोलावे' हे मात्र साठ वर्षांपूर्वी होतं तसंच्या तसं कोरं करकरीत आहे. वापर बेताचा असला की वस्तू टिकते.

माझी पुतणी मुळशी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. (मुळशी तालुक्याचं मुख्य ठिकाण कोणतं, सांगा पाहू? मुळशी म्हणालात तर फसलात. पौड!) पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड असं करत पुढे गेलं की धरणाचं पाणी दिसू लागतं, आणि ते संपता संपत नाही. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं त्या पाण्याकडे पाठ करून उभी राहतात आणि पाण्याबरोबर स्वतःचे फोटो काढतात. मग कांदाभजी खातात. हिची शाळा त्या पाण्याच्या काठावर. दोन खोल्या, दोन शिक्षक, चार इयत्ता, तेवीस मुलं आणि एक कुत्रा. कुत्र्याची हजेरी सगळ्यांत चांगली.

"काका, येताय तर परिपाठाला थांबा. मुलांना चार शब्द सांगा," ती म्हणाली. निवृत्त माणसाला चार शब्द सांगा म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण कर म्हणण्यासारखं आहे. मी तयारीनिशी गेलो. तारीख होती 12 नोव्हेंबर.

परिपाठ मुलंच चालवतात. बाई बाजूला उभ्या. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, प्रार्थना झाली. मग तिसरीतला एक पैलवान पुढे आला, छाती फुगवून ओरडला, "आजचा सुविचार! रागावर ताबा ठेवा!" आणि जागेवर परत जाता जाता, मघाशी ज्यानं त्याची टोपी उडवली होती त्याला एक ठेवून दिली. फळ्यावर मात्र दुसराच सुविचार होता, रंगीत खडूनं, वेलबुट्टी काढून: 'सत्याचा नेहमी विजय होतो.' एक म्हणायचा आणि एक बघायचा, अशी तिथं दुहेरी व्यवस्था आहे.

मग सामान्य ज्ञान. मुलांनीच मुलांना विचारायचं. "सांगा पाहू, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर?" "कळसूबाई! 1646 मीटर!" तेवीस तोंडांतून एकदम. कुत्रासुद्धा उठून बसला. "सांगा पाहू, महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस?" "आंबोली!"

"आंबोली पुस्तकात," मागून एक बारका आवाज आला. "पाऊस आपल्यात."

ताम्हिणीचा घाट तिथून जवळच. आणि अलीकडे ताम्हिणीचा पाऊस वर्तमानपत्रांत आंबोलीच्या पुढे छापून येऊ लागला आहे हे खरं. त्या मुलानं तर आकडेही वाचलेले नव्हते. त्यानं जून ते सप्टेंबर डोक्यावर इरलं घेऊन शाळा केलेली होती. बाईंनी निकाल दिला, "परीक्षेत आंबोली लिहायचं. एरवी ताम्हिणी." शिक्षणशास्त्रावर मी बरीच जाडी पुस्तकं चाळली आहेत, त्यांतलं एकही इतकं स्पष्ट बोललेलं नाही.

यानंतर दिनविशेष. चौथीतली एक मुलगी पुढे आली. दोन वेण्या, वेण्यांना लाल फिती, हातात वही. 12 नोव्हेंबर 1896, पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा जन्म, मुंबई. 12 नोव्हेंबर 1880, सेनापती बापट यांचा जन्म, पारनेर. मुळशी सत्याग्रहाचे नेते. हे तिनं एका दमात म्हटलं. मग वही मिटली आणि म्हणाली, "सांगा पाहू, आपल्या धरणाचं पाणी कुठं जातं?"

बाहेरच्या माणसाला वाटतं धरण पुणे जिल्ह्यात म्हणजे पाणी पुण्याच्या नळाला. तिथल्या पहिलीतल्या पोरालाही माहीत आहे की ते उलटं जातं. पश्चिमेकडे, घाट उतरून खाली कोकणात, भिऱ्याला. तिथे वीज होते आणि पाणी पुढे कुंडलिका नदीतून समुद्राला मिळतं. वीज मुंबईला. "मुंबईला!" पोरं ओरडली.

"सांगा पाहू, पाण्याखाली गावं किती?"

इथे मात्र तेवीस तोंडं एकदम उघडली नाहीत. पुस्तकात या प्रश्नाच्या पुढे कंसात उत्तर दिलेलं नाही. मग एकानं एका गावाचं नाव घेतलं. आजीचं माहेर. दुसऱ्यानं दुसरं घेतलं. मग सगळीच बोलायला लागली. आकडा विचारला होता, मुलं नावं सांगत होती. आणि ती अशी एकावर एक सांगत होती की मला त्यांतली निम्मीसुद्धा धड ऐकू आली नाहीत. पुस्तकं सुमारे पन्नास म्हणतात. पुस्तकांचं गणित चांगलं असतं.

इथं जरा इतिहास सांगायला हवा, कारण सेनापती बापट म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला पहिल्यांदा रस्ता आठवतो आणि मग त्यावरची वाहतूक. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाशी टाटांच्या कंपनीनं धरण बांधायला घेतलं आणि मावळ्यांच्या भाताच्या जमिनी बुडणार हे ठरलं. पुष्कळांच्या जमिनी आधीच सावकाराकडे गहाण. म्हणजे सावकाराकडून वाचली तर पाण्यात, असा प्रकार. 1921 साली रामनवमीच्या दिवशी, 16 एप्रिलला, हे लोक बायकापोरांसकट धरणाच्या कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापट म्हणजे काय माणूस! बाँबची विद्या मिळवायला पॅरिसपर्यंत गेलेला आणि परत येऊन पारनेरला हातात झाडू घेऊन रस्ते झाडणारा. 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीनं दिली. सैन्य होतं भात लावणाऱ्यांचं. तीनएक वर्षं हे चाललं, लोक तुरुंगात गेले, आले, पुन्हा गेले. दम संपत आला. लढा ओसरल्यावर बापटांनी कामाची आगगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. आणि 1927 साली भिऱ्याला वीज सुरू झाली.

हे सगळं मुलांना ठाऊक होतं, थोडं पुस्तकातून, जास्त घरातून. पण त्या लाल फितीवालीचा तिसरा प्रश्न अजून शिल्लक होता. तो तिनं मुलांना विचारला नाही. ती फळ्याकडे बघत होती.

"बाई, सत्याचा नेहमी विजय होतो ना?"

"हो."

"सत्याग्रह म्हणजे सत्याचा आग्रह ना?"

"हो."

"मग धरण कसं झालं?"

मी पुतणीकडे पाहिलं. बी.एड.च्या परीक्षेत हा प्रश्न येत नाही. आमच्या वेळी असा प्रश्न विचारणाऱ्याला 'आगाऊ' अशी पदवी मिळून बाकावर उभं राहायला मिळायचं, आणि त्यामुळे आमच्या पिढीत सत्याबद्दल कुणाच्याच मनात शंका राहिलेली नाही. तिनं तसं केलं नाही. "इंग्रजांचं राज्य होतं" हेही सांगितलं नाही, जे अर्धं खरं आहे आणि अशा वेळी फार उपयोगी पडतं. ती म्हणाली, "मला नाही सांगता येत. घरी विचारून या. उद्या परिपाठात सांगा."

मग माझे चार शब्द. मी तयार करून नेलेली सिंह आणि उंदराची गोष्ट काढली, तर पहिलीतलं एक पोर म्हणालं, "ती झाली. सोमवारी." मी ससा-कासवाकडे वळलो. तीही झाली होती, आणि त्यांच्यातल्या एकाच्या मते ससा मुद्दाम झोपला होता. तेव्हा मी दुसऱ्या दिवशी बोलेन म्हणून सांगितलं आणि मुक्काम वाढवला. हिला फोन करून कळवलं. "चार शब्द सांगायला दोन दिवस?" ही म्हणाली. "मग बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. पैलवानाच्या वडिलांनी सांगितलं होतं, "हे विचारायला शाळेत घातलाय का तुला?" हे तो अभिमानानं सांगत होता. एकाचे वडील काठावरच्या एका हॉटेलात कामाला होते. ते म्हणाले होते, धरण नसतं तर आज पाहुणे आले असते का? दुसरा म्हणाला, आमचे आजोबा काहीच बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. पावसाचा तज्ज्ञ म्हणाला, उन्हाळ्यात पाणी हटलं की जुन्या बांधांचे दगड दिसतात, ते त्याला वडिलांनी दाखवलेत. हे उत्तर आहे की नाही ते त्याला माहीत नाही.

लाल फितीवाली शेवटी उठली. तिच्या पणजीचे वडील सत्याग्रहात बसले होते. आजीनं आपल्या आईकडून ऐकलेलं तिला सांगितलं होतं. "आजी म्हन्ली, ते म्हनायचे, हरलो न्हाई गं. दमलो."

वहीत हे कुठे लिहायचं यावर थोडी चर्चा झाली. सुविचारात की सामान्य ज्ञानात? बहुमत सुविचाराच्या बाजूनं पडेना, कारण सुविचार छापील असावा लागतो अशी पोरांची समजूत. फळ्यावरचा 'सत्याचा नेहमी विजय होतो' तसाच होता. तो पुसावा असं कुणी म्हटलं नाही. पण तो मोठ्यानं वाचायला त्या दिवशी कुणी पुढेही आलं नाही.

मग माझी पाळी. गोष्टींचा साठा संपलेला, सामान्य ज्ञान नासलेलं. मी म्हटलं, मी तुमच्याएवढा असताना गिरगावात चाळीत राहायचो. रात्री अभ्यासाला वर एक दिवा होता. त्याची वीज या घाटाखालूनच यायची, खोपोलीची, भिवपुरीची, भिऱ्याची. त्या दिव्याखाली बसून मी 'सत्यमेव जयते' या विषयावर निबंध लिहिला होता. दहापैकी साडेआठ मार्क पडले होते.

मुलं शांत बसली होती. माझ्याजवळ सांगण्यासारखं एवढंच होतं आणि तेवीस मुलांच्या डोळ्याला डोळा देऊन तेवढंही सांगणं सोपं नव्हतं.

"आमच्या आजीच्या घरी चिमणी होती," लाल फितीवाली म्हणाली. तक्रार नव्हती, माहिती होती. "तुमचा दिवा रात्रभर असायचा?"

"दहापर्यंत. मग वडील बंद करायचे."

तिनं वही उघडली, 'सामान्य ज्ञान' या मथळ्याखाली पान काढलं आणि पेन्सिलीला थुंकी लावून लिहिलं. मी वाकून वाचलं. 'गिरगावात दिवा होता. दहा वाजेपर्यंत.' वेलांट्या सगळ्या बरोबर होत्या. तेवढ्यात खिचडीचा वास आला आणि कुत्रा पहिला उठला.