खोलीचं तापमान

केकच्या जवळपास प्रत्येक इंग्रजी पुस्तकात एक सूचना हमखास सापडते: बटर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ज्या देशांत ही सूचना लिहिली गेली, तिथली खोली साधारण १८ ते २१ अंश सेल्सिअसची असते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता डोंबिवलीच्या पश्चिमेकडे खिडकी असलेल्या स्वयंपाकघरात पारा ३४-३५ला टेकतो, आणि बटरमधला स्निग्धांश ३२ ते ३५ अंशांदरम्यान वितळून जातो. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ते ओट्यावर काढून ठेवलं, तर फेटायला काही उरतच नाही. बोटानं दाबल्यावर खळगा पडावा, पण कडा तुकतुकू नयेत, अशा अवस्थेतलं बटर इथे दहा-बारा मिनिटांसाठीच भेटतं. हौशी बेकरला ती वेळ पकडावी लागते.

डोंबिवलीतल्या अशाच एका घरात एक बाई गेली काही वर्षं हौसेनं केक करते. विकत नाही. भाचरांचे वाढदिवस, शेजारच्या सुनेचं डोहाळजेवण, वरच्या मजल्यावरच्या आजोबांची पंचाहत्तरी अशी मागणी नात्यागोत्यातून आणि जिन्यातून येते. केकचा डबा परत येताना रिकामा येत नाही. कधी त्यात कोकणातून आलेली आमसुलं असतात, कधी नुकत्याच तळलेल्या शंकरपाळ्या. इतक्या केकनंतर तिचं एक मत पक्कं झालं आहे. सजावटीसाठी हात चांगला हवाच, पण त्याआधी साखर, स्निग्धांश आणि हवेतलं पाणी यांचं आपापसात काय चालतं ते कळायला हवं. थंड देशातली कृती आपल्या हवेत जशीच्या तशी चालत नाही. ती इथे नव्यानं बसवावी लागते, आणि तिला या कलेत सर्वांत जास्त आनंद मिळतो तो या बसवण्यात.

मराठी मध्यमवर्गीय घरात केक आला तो साधा, बिनसजावटीचा. कुकरच्या तळाशी वाळू किंवा मीठ पसरायचं, झाकणाची रिंग आणि शिटी काढून ठेवायची, जाळीवर तूप लावलेला डबा ठेवायचा आणि मंद आचेवर रव्याचा नाहीतर मैद्याचा केक भाजायचा. सुखवस्तू घरात ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन असे. बाहेरचा केक म्हणजे ग्रँट रोडच्या मेरवानचा मावा केक किंवा पुण्याच्या लष्कर भागातल्या कयानी बेकरीतली खरेदी. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतला रवा आणि ओल्या खोबऱ्याचा बाथही सजावटीविनाच देखणा असतो. त्याच्या पृष्ठभागावर पिठाच्या पट्ट्यांची जाळी तेवढी घालतात. वाढदिवसाच्या केकवरची गुलाबी फुलं ही कोपऱ्यावरच्या बेकरीची मक्तेदारी होती. वनस्पती तुपात पिठीसाखर फेटून केलेली ती फुलं उन्हाळ्यातही ताठ उभी राहत, कारण वनस्पती तूप बटरपेक्षा जास्त उष्णता सोसतं. जिभेवर त्याचा थर बसे, तोही त्याच कारणानं.

घरी केक करणाऱ्या कोणालाही इथे पहिला प्रश्न विचारला जातो तो अंड्याचा. एगलेस केक ही आपल्याकडची खास गरज वाटते, पण त्यामागची मुख्य युक्ती बर्मिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याची आहे. आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी १८३७मध्ये अंड्याविना होणारी कस्टर्ड पावडर तयार केली आणि १८४३मध्ये बेकिंग पावडर. आज मराठी घरात फ्रूट कस्टर्ड होतं आणि एगलेस स्पंज फुगतो, तेव्हा दोन्हीमागे एका नवऱ्याची ती खटपट असते.

अंडं वगळलं तरी फुगवण्याची सोय होते, पण आधार जातो. ओव्हनमध्ये अंड्यातली प्रथिनं घट्ट होऊन स्पंजला सांगाडा देतात. त्यांच्या जागी दही आणि खायचा सोडा घातला, तर दोघं भेटताक्षणी वायू सुटायला लागतो, म्हणून मिश्रण कालवल्यावर फोन घ्यायलाही थांबायचं नाही. असा स्पंज मऊ होतो, आणि सुरी लावली की भुरभुरतो. तिचा नियम सोपा आहे: कोरून आकार द्यायचा केक आदल्या दिवशी भाजायचा, गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि गार असतानाच कापायचा. त्यावर क्रीमचा पहिला पातळ हात फिरवायचा. सगळा चुरा त्यात अडकतो आणि वरचा थर स्वच्छ बसतो.

क्रीमचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा. दुकानात सहज मिळणाऱ्या फ्रेश क्रीमच्या खोक्यात २५ टक्के स्निग्धांश असतो. भाजीला किंवा फ्रूट सॅलडला तो पुरेसा आहे. फेटून उभं राहायला तीस टक्क्यांच्या वर लागतो. म्हणून बहुतेक घरगुती केकवर वनस्पतिजन्य व्हिपिंग क्रीम असतं. ते गोठलेलं मिळतं, बर्फाच्या कणांसकट थोडं वितळवून फेटायचं असतं आणि एसीविना बराच वेळ तग धरतं. तिला त्याची सोय मान्य आहे, चव मात्र नाही. स्विस मेरिंग बटरक्रीम तिचं आवडतं. अंड्यातला पांढरा भाग आणि साखर वाफेवर ७१ अंशांपर्यंत नेऊन फेटायची आणि गार झाल्यावर त्यात बटरचे तुकडे सोडायचे. अंडं न खाणाऱ्या घरांसाठी ती दोन वाटा वापरते. एक म्हणजे एर्मिन: मैदा, दूध आणि साखर शिजवून घट्ट पिठलं करायचं, ते पूर्ण निवलं की बटरमध्ये फेटायचं. शिजलेला मैदा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हे क्रीम आपल्या उकाड्यात बरंच टिकतं. दुसरी वाट छोल्यांच्या पाण्याची. शिजवलेल्या छोल्यांचं पाणी फेटलं की अंड्यासारखा फेस उभा राहतो, हे २०१४मध्ये फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी दाखवून दिलं. ज्या घरात रविवारी छोले होतात, तिथे सोमवारी मेरिंग करता येतं.

साखर आणि हवा यांचं नातं मात्र तिला कोणत्याही परदेशी पुस्तकाआधी आजीच्या हलव्यातून कळलं होतं.

संक्रांतीचा हलवा म्हणजे अस्सल मराठी साखरकाम. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, अगदी मंद आचेवर ठेवायचा, चमचाभर पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुढचा चमचा. एकेका थरातली साखर दाण्यावर स्फटिक होऊन बसते, आणि काही दिवसांनी तिळाला काटे फुटतात. आजी हे काम पहाटे करायची आणि पंखा लावू द्यायची नाही. थंडीत हलव्याला काटा चांगला येतो, हे घराघरात सांगितलं जातं आणि त्याचं कारणही उघड आहे: जानेवारीच्या कोरड्या हवेत पाकातलं पाणी भराभर उडतं. जपानात कोनपेइतो नावाची काटेरी खडीसाखर अशाच रीतीनं, फिरत्या तापलेल्या कढईत दोनेक आठवडे पाक घालत करतात. ती कला तिथे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गेली. नव्या सुनेच्या गळ्यातला हलव्याचा हार, बाळाच्या बोरन्हाणातला मुकुट, पाडव्याच्या गुढीची साखरगाठी या सगळ्या वस्तू पाहत वाढलेल्या बाईला साखरेचे दागिने परके वाटायचं कारण नाही.

फॉन्डंटची गोष्ट तीच, फक्त महिना उलटा. साखर, जिलेटिन, ग्लुकोज आणि ग्लिसरीन यांचा हा मळलेला गोळा लाटून केकवर पांघरायचा असतो. जुलैत मुंबईच्या परिसरात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि साखर ते पाणी ओढून घेते. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या केकवर तर दव धरतं. रंग ओघळतात, पाकळ्या मान टाकतात. यावर तिनं हळूहळू पद्धत बसवली आहे. फॉन्डंटखाली व्हिपिंग क्रीम कधी नाही, कारण त्यातलं पाणी साखर विरघळवतं. तिथे गनाश हवं, एरवी दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम आणि उन्हाळ्यात चॉकलेट आणखी जास्त. केक पुठ्ठ्याच्या खोक्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणजे पुठ्ठा ओल शोषतो. बाहेर काढल्यावर घाम आलाच, तर हात न लावता पंख्याखाली सुकू द्यायचा. फुलं मात्र पावसाळ्यात करायचीच नाहीत. सीएमसी पावडर मळलेल्या पेस्टची गुलाबं ती फेब्रुवारीत करते आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेवते. ती ऑगस्टपर्यंत खडखडीत राहतात.

या कामाची उंची कुठवर जाऊ शकते, हे पुण्याच्या प्राची धबल देब यांनी दाखवलं आहे. ब्रिटिश राजघराण्यासाठी केक सजवणाऱ्या एडी स्पेन्स यांच्याकडून त्या रॉयल आयसिंग शिकल्या. मूळ कृतीत अंड्याचा पांढरा भाग लागतो. देब यांनी अंड्याविना होणारं आयसिंग तयार करून घेतलं आणि त्यातून मिलानच्या कॅथेड्रलवरून सुचलेली १०० किलोंची वास्तू उभारली. त्या जाळीदार कमानींचे फोटो तिनं वेळोवेळी मोठे करून पाहिले आहेत. प्रत्येक रेघ कागदी कोनाच्या टोकातून, हाताच्या एकसारख्या दाबानं आलेली आहे.

तिच्या स्वतःच्या कामात सगळ्यात जास्त जीव गुंतला तो पैठणी केकमध्ये. मावशीच्या साठीला तो करायचा होता. जांभळा फॉन्डंट दोन-तीन मिलिमीटर जाडीचा लाटून निऱ्या घालायच्या, काठावर नारळी नक्षी कापून चिकटवायची, पदरावर मोर रंगवायचे. खरी पैठणी समोर पसरून, मोराच्या मानेचा बाक आणि काठाची रुंदी मोजून तिनं कागदी साचे कापले. जरीसाठी सोनेरी चूर्ण लागतं, आणि तिथे ती कमालीची काटेकोर आहे. बाजारात दोन प्रकारची चूर्णं शेजारी शेजारी मांडलेली असतात. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलं म्हणजे ते खाण्याजोगं होत नाही. खाण्यासाठीच्या चूर्णावर घटकांची यादी असते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं २०२१च्या अहवालात ऱ्होड आयलंडमधली घटना नोंदवली आहे: वाढदिवसाचा केक खाऊन मुलांना उलट्या झाल्या, आणि त्यावरचं गुलाबी-सोनेरी चूर्ण प्रामुख्यानं तांब्याचं निघालं. यादी नसलेली डबी तिच्या घरात येत नाही.

रंगांचा शोध तिला असाच पुढे घेऊन गेला. बाल्कनीतल्या गोकर्णाच्या फुलांचा अर्क निळा असतो, लिंबू पिळलं की जांभळा होतो. पण सोडा घातलेल्या केकच्या मिश्रणात त्याचा रंग मळकट होतो, म्हणून तो न भाजायच्या ग्लेझमध्येच वापरायचा. बीटचा लाल रंग उष्णतेनं तपकिरी पडतो, तोही क्रीमसाठीच राखायचा. बाटलीतले जेल रंग काही तासांत गडद होत जातात. गडद लाल हवा असेल, तर आदल्या रात्री कालवून थांबायचं.

गणपतीत तिचं स्वयंपाकघर चॉकलेटच्या मोदकांनी भरतं. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, त्यामुळे भाद्रपदातल्या दमट दुपारी हे काम सोपं नसतं. शुद्ध डार्क चॉकलेट ४५ अंशांच्या वर वितळवायचं, ढवळत २७-२८पर्यंत निववायचं आणि पुन्हा ३१-३२वर आणायचं. तेव्हा त्यातले स्फटिक हवे तसे जुळतात, साच्यातून मोदक चकाकत सुटतो आणि चावताना कट्कन आवाज येतो. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरा वनस्पती स्निग्धांश असल्यानं त्याला हे सोपस्कार लागत नाहीत. मुलांना साचे भरायला बसवायचं असेल, तेव्हा ती तेच घेते. सारण गुलकंदाचं किंवा पेढ्याचं. ओल्या नारळाचं सारण भरलं, तर मोदक त्याच दिवशी संपवायचे.

दोन मजली केकचा प्रवास हा वेगळाच उद्योग. वरचा केक खालच्या स्पंजवर टेकलेला दिसतो, पण त्याचं वजन आत उभ्या रोवलेल्या जाड स्ट्रॉ पेलतात. प्रत्येक मजल्याला स्वतःचा पुठ्ठा असतो आणि स्ट्रॉ खालच्या केकच्या उंचीला बरोबर कापलेल्या असतात. गाडीत केक मांडीवर घ्यायचा नाही, कारण मांडी उतरती असते. पायाशी सपाट जागेवर ठेवायचा आणि एसी आधीच सुरू करायचा. एकदा ठाण्याला जायला गाडी मिळाली नाही, तेव्हा तिनं दुपारची डोंबिवली लोकल धरली. महिलांच्या डब्यात दोघी उठून उभ्या राहिल्या. “ताई, खोकं सीटवर ठेवा, आम्ही धरतो,” म्हणत त्यांनी ठाण्यापर्यंत ते दोन्ही बाजूंनी सांभाळलं, आणि उतरण्याआधी झाकण उघडून पाहण्याचा हक्कही वसूल केला.

आता दिवाळीचा बेत चालू आहे. “मावशी, या वर्षी किल्ला केकचाच,” असं भाच्यानं बजावलं आहे. चॉकलेट स्पंजचा डोंगर, गनाशवर सुरीनं ओरखडे काढून कातळ, नानकटाईची तटबंदी. गवतासाठी सुक्या खोबऱ्याचा कीस गोकर्णाच्या निळ्यात आणि हळदीत रंगवायचा आहे. मावळे सीएमसीच्या पेस्टचे होतील. पाऊस सरून हवा कोरडी झाली की दोन आठवडे आधी ते वळून ठेवायचे. सिंहासनावरचे महाराज नेहमीचे मातीचेच असतील, हे दोघांनी एकमतानं ठरवलं आहे. केक कापण्याआधी ते सन्मानानं उचलून बाजूला ठेवायचे. बुरूज कोणाच्या वाट्याला जाणार, यावर भावंडांची बोलणी आत्तापासूनच सुरू झाली आहेत.