पहारेकरीण सीडी

दिसायला ती चारचौघींसारखीच. बारा सेंटिमीटरची, चकचकीत, उजेडात धरली की सप्तरंग दाखवणारी. २००५ साली अमेरिकेतल्या दुकानांत सोनी-बीएमजी या संगीत कंपनीचे ५२ अल्बम या वाणात निघाले. इंटरनेटवर नॅपस्टर ही गाणी वाटून घेण्याची सेवा आल्यापासून ती फुकटात उतरवून घेणाऱ्यांचा कंपन्यांनी धसकाच घेतला होता. त्यांना आळा घालण्याचं काम हिच्याकडे आलं.

साध्या प्लेअरवर ती निमूट गाई. विंडोजच्या संगणकात घातली की मात्र तिचा नूर पालटे. आधी अटींचं चऱ्हाट पुढे करी. ‘मान्य’ म्हटल्याशिवाय गाणं नाही. मग स्वतःचाच प्लेअर लावी, प्रती मोजून तीन काढू देई आणि एक्ससीपी नावाचा प्रोग्राम यंत्रात कायमचा ठेवून जाई. ज्या फाइलच्या नावाआधी डॉलर-सिस-डॉलर अशी अक्षरं, ती यंत्राच्या मालकालाही दिसू नये, ही त्याची करामत. अशा दडून बसणाऱ्या प्रोग्रामला रूटकिट म्हणतात. पुढे त्याच आडोशाला व्हायरसही येऊन दडले.

३१ ऑक्टोबरला मार्क रसिनोविच या संगणकतज्ज्ञाने तिचं बिंग फोडलं. प्रोग्राम हाताने उपटायला गेले, तर सीडी ड्राइव्हच गायब! ‘रूटकिट म्हणजे काय हेच बहुतेकांना ठाऊक नाही, मग काळजी कशाला?’ अशा अर्थाचं उत्तर कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने रेडिओवर दिलं. प्रोग्राम काढून टाकण्यासाठी कंपनीने जे साधन दिलं, त्याने यंत्राला नवंच भगदाड पाडलं. कहर म्हणजे इतरांचे हक्क राखायला निघालेल्या या एक्ससीपीतच ‘लेम’ या मुक्त प्रोग्रामचे तुकडे सापडले, तेही परवान्याच्या अटी धाब्यावर बसवून घेतलेले.

तिची खरी खोड वेगळीच. फुकट्यांशी तिची कधी गाठच पडली नाही. त्यांच्याकडे नुसती गाणी पोचत, ती नाही. तिच्या तावडीत सापडला तो दुकानात जाऊन रोख पैसे मोजणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

टेक्सस राज्याने खटला भरला, ग्राहकांनीही कोर्ट गाठलं. नोव्हेंबरातच कंपनीने तिला बाजारातून माघारी बोलावलं. जुनी सीडी परत करणाऱ्याला बिनकुलपाची नवी मिळाली आणि वर त्याच गाण्यांच्या एमपीथ्री फाइलीही. ज्यांच्या धास्तीने हा सगळा पहारा बसवला, त्याच फाइली कंपनीने आपल्या हाताने, फुकट वाटल्या.