वादळावर थांबलेला काटा

परभणीला समुद्र नाही, याचं दुःख मी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. ज्या गावात नळाला पाणी येणं हीच भरती, तिथं समुद्राचं काय घेऊन बसायचं! पण गेल्या दिवाळीत नातू घरी आला आणि म्हणाला, "आबा, तुमच्या या आरामखुर्चीच्या खाली साधारण चारशे मीटरवर समुद्र आहे, असं धरायचं." मी आधी पाय वर घेतले आणि मग विचारलं, "कुणी धरायचं?"

"विमानानं."

हा नातू म्हणजे माझ्या मुलीचा मुलगा. वैमानिक व्हायला गेला आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं म्हणणारी आमची माणसं. पोरगं आभाळात जाणार याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते फीचं. जावयांनी जिंतूर रोडचं चार एकर काळं रान विकलं, वर बँकेचं कर्ज काढलं. पोरगं आकाशात जावं म्हणून आधी पायाखालची जमीन जाते, हा हिशेब मला अजून नीट उमगलेला नाही. असो.

तर समुद्राची ही भानगड निघाली ती भिंतीवरच्या वायुभारमापकामुळे. ही पितळी तबकडी मला १९७१ साली लग्नात सासऱ्यांनी दिली. त्यांनी ती हैदराबादला कुठल्याशा लिलावात घेतली होती. घड्याळ समजून घेतली, की घड्याळ परवडलं नाही म्हणून घेतली, हे विचारण्याची जावयाला सोय नसते. तबकडीवर इंग्रजीत 'स्टॉर्मी', 'रेन', 'चेंज', 'फेअर', 'व्हेरी ड्राय' असं गोल लिहिलेलं आहे. घरात लावल्या दिवसापासून काटा 'स्टॉर्मी' आणि 'रेन' यांच्यामध्ये उभा. १९७२ साली मराठवाड्यात दुष्काळ होता, माणसं खडी फोडायला जात होती, जनावरं छावणीत होती. आमच्या भिंतीवर मात्र वादळी पाऊस! शेजारीपाजारी येऊन तो काटा बघायचे आणि सुस्कारा टाकून जायचे. पुढं पुढं पाहुण्यांनी त्याचा संबंध आमच्या संसाराशी जोडला. हिचं म्हणणं, "माझ्या बाबांनी बघूनच दिलंय."

दिवाळीला नातू आला तो गप्प. चकल्यांकडे बघेना. तिसऱ्या दिवशी त्या तबकडीसमोर उभा राहून एकदम म्हणाला, "आबा, मी सोडून द्यावं म्हणतो."

चार एकर रान माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेलं. म्हटलं, "झालं काय?"

झालं होतं ते असं. विमानात उंची सांगणारं यंत्र असतं, त्याला अल्टिमीटर म्हणतात. माझी समजूत होती की ते खाली जमीन बघून सांगत असेल. तर नाही. ते आमच्या भिंतीवरच्या डबीचंच भावंड. त्याला फक्त हवेचा दाब कळतो. वर जावं तसा दाब कमी होतो. जमिनीजवळ साधारण अठ्ठावीस फुटांना एक हेक्टोपास्कल, असा भाव आहे. त्या यंत्राच्या तबकडीवर 'पाऊस', 'वादळ' असं न लिहिता फूट लिहिलेत, एवढाच फरक. ही युक्ती मुळात फ्रान्समधल्या पास्कलची. १६४८ साली त्याने पाऱ्याची नळी डोंगरावर न्यायची ठरवली आणि स्वतः न जाता बहिणीच्या नवऱ्याला चढवलं. वर पारा सुमारे तीन इंच उतरला. मेहुण्याचं काय उतरलं, ते कुणी मोजलं नाही.

पण गोची अशी की हवेचा दाब जागच्या जागीही बदलतो. आज एक, उद्या दुसरा. म्हणून यंत्राला एक छोटी खिडकी आणि एक खुंटी असते. पॉल कोल्समन नावाच्या माणसाने १९२८ च्या सुमारास ही सोय बसवली. उड्डाणाआधी कंट्रोलवाले त्या वेळचा आकडा सांगतात, तो खिडकीत लावायचा. मग यंत्र समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतं. या आकड्याला क्यूएनएच म्हणतात. दुसरा एक आकडा क्यूएफई; तो लावला की विमानतळावर उभं असताना काटा शून्यावर. म्हणजे एक उंची समुद्रापासून, दुसरी आपल्या ओट्यापासून. आणि खूप वर गेलं की सगळ्यांनीच १०१३ लावायचं, खाली खरा दाब काही का असेना.

"म्हणजे सगळे खोटं लावणार?"

"सगळे सारखंच खोटं लावतात, आबा. म्हणून एकमेकांवर आपटत नाहीत."

हे मात्र मला तत्काळ पटलं. आमच्या एकत्र कुटुंबात घड्याळ वीस मिनिटं पुढं असायचं, सगळ्यांना ते माहीत असायचं आणि एस. टी. कधी चुकायची नाही. घोटाळा व्हायचा तो एखादा नवा जावई आपलं खरं घड्याळ घेऊन आला की.

तर नातवाने काय केलं? आदल्या दिवशीचा १०१२ खिडकीत तसाच राहू दिला. त्या दिवशी आकडा होता १००४. तो ऐकला, परत म्हणूनही दाखवला आणि लावायचा विसरला. विमान जमिनीवर उभं असतानाच काटा सव्वादोनशे फूट जास्त दाखवत होता. त्याच्या मास्तरांनी ते बघितलं, इंजिन बंद करायला लावलं आणि याला उतरवलं. पहिल्यांदा एकट्यानं उडायचं होतं, ते लांबलं. सगळ्या पोरांच्या देखत.

"आठ आकड्यांसाठी?" माझं मन लगेच नातवाच्या बाजूनं. "सव्वादोनशे फूट म्हणजे काय मोठंसं! आभाळ केवढं आहे!"

त्यावर तोच मला म्हणाला, "नाही आबा, मास्तरांचं बरोबर होतं." आणि त्याने पॅरिसची गोष्ट सांगितली. मे २०२२ मध्ये तिथल्या मोठ्या विमानतळावर एक प्रवासी विमान पावसात उतरत होतं. दाब होता १००१. कंट्रोलवरून सांगण्यात आलं १०११. दहाचा फरक, म्हणजे दोनशे ऐंशी फूट. वैमानिकांच्या काट्यावर सगळं ठीक. विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीपासून सहा फुटांवर आलं आणि तिथून वर उचललं गेलं, म्हणून वाचलं.

मी आमच्या दाराच्या चौकटीकडे बघितलं. ती साडेसहा फूट आहे. नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

ही स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "म्हणजे जास्तीतून कमीत, नाक जमिनीत. एवढंच ना? मग लिहून ठेव की हातावर."

पोरगं चार दिवसांत पहिल्यांदा हसलं. म्हणालं, परीक्षेसाठी इंग्रजीतही असंच काहीसं पाठ करतात, पण आजीचं बरं आहे.

मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने भिंतीवरची तबकडी काढली, मागं बघितलं आणि ओरडला, "आबा, याचा स्क्रू पन्नास वर्षांत कुणी फिरवलाच नाही की!" हे यंत्र समुद्राकाठच्या हिशेबानं लावलेलं. आपण चारशे मीटर वर, म्हणजे तेराशे फूट; म्हणून ते जन्मभर शेहेचाळीस हेक्टोपास्कलनं कमी दाखवत बसलं. त्याने मोबाईलवर समुद्रसपाटीचा दाब बघितला, चष्म्याचा पेचकस घेतला आणि हळूहळू स्क्रू फिरवला. काटा 'रेन' ओलांडून, 'चेंज' ओलांडून थेट 'फेअर'जवळ जाऊन थांबला.

"काय करायलेत तुम्ही दोघं?" ही धावत आली. "बाबांनी दिलं तसं राहू द्या ते!" मी म्हटलं, अगं, वादळ नव्हतंच कधी. तर म्हणे, "ते मला सांगताय?"

नातू परत गेला. सकाळी साडेसातला त्याचा फोन येतो, "आबा, आपला किती?" मी चष्मा लावून आकडा वाचतो. दहा वाजता काटा जरा चढलेला असतो, दुपारी चारला तीनएक हेक्टोपास्कल उतरतो; आपल्याकडे हवेची ही रोजचीच भरती-ओहोटी आहे म्हणे. म्हणजे स्क्रूला हात लावला नाही तर आमचं घर रोज दुपारी ऐंशी-नव्वद फूट वर जातं.

परवा फोन सकाळी आला नाही. साडेअकराला आला. मागं वारा आणि पोरांचा गलका.

"आबा, एकटा जाऊन आलो. एक चक्कर."

मी काही बोलणार, तोवर हिने फोन हिसकावला आणि विचारलं, "आकडा लावला होतास का?"