एका उसाची परीक्षा

पुण्याहून आगगाडीने देहूला निघालेला नवखा मनुष्य हटकून देहूरोडला उतरतो आणि देवळाच्या कळसाऐवजी लष्कराची छावणी पाहून चक्रावतो. देहूरोड म्हणजे देहू नव्हे. खरे देहू तेथून पाच-सहा किलोमीटर आत, इंद्रायणीच्या काठी आहे. वाटेत हल्ली शेतांपेक्षा गोदामे, कारखाने आणि उंच इमारतीच अधिक लागतात. तरीही भंडाऱ्याचा डोंगर दिसू लागला की गाडीतली बोलणी क्षणभर थांबतात, एवढे खरे.

त्या रविवारी आम्ही निघालो होतो ते मात्र वारीला नव्हे, ‘ऑडिशन’ला! आम्ही म्हणजे मी, सौभाग्यवती, आमची सात वर्षांची धाकटी आणि माझा नऊ वर्षांचा भाचा. तुकोबांवरच्या एका मालिकेत काशी आणि महादेव या त्यांच्या मुलांच्या कामासाठी लहान मुले हवी आहेत, असा निरोप मोबाइलवरून फिरत फिरत आमच्या घरी येऊन थडकला होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात धाकटीने चिमणीचे काम केले होते. तेवढ्या भांडवलावर सौ. म्हणाली, “अहो, नेऊन तर बघू. नाहीच झालं, तर देवदर्शन तरी पदरात पडेल.” या युक्तिवादापुढे मराठीच्या प्राध्यापकाचे काय चालणार?

शिवाय मोह मलाही होताच. तुकोबांच्या घरचे दारिद्र्य मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिले, ते प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये. दामले-फत्तेलालांचे हे चित्र मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालले आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवले गेले. विष्णुपंत पागनीस तर लोकांना साक्षात तुकोबाच वाटू लागले. पण मला विचाराल तर त्या चित्रातले घर उभे केले ते गौरीबाईंच्या आवलीने आणि तिच्या भोवती वावरणाऱ्या पोरांनी. ती पोरे अभिनय करताहेत असे कुठे वाटतच नाही.

परीक्षा एका मंगल कार्यालयात होती. लग्नाला यावी तशी गर्दी. एका चिमुरडीला सकाळी नवालाच नऊवारी नेसवून नथ अडकवली होती आणि तिची आई दर पाच मिनिटांनी नथ सरळ करीत होती. दुसरीकडे एक वडील मुलाला डोळ्यांत पाणी कसे आणायचे ते स्वतः करून दाखवीत होते. त्यांचे काम इतके वठले होते की त्यांनाच कुणी का घेतले नाही, कोण जाणे! आमचे क्रमांक ४३ आणि ४४. माझ्या शेजारी चाकणच्या एका कारखान्यातले गृहस्थ होते. रात्रपाळी संपवून तसेच आलेले, अंगात कंपनीचा सदरा. मांडीवर सहा वर्षांचा मुलगा पेंगत होता. “सर, पोरगं घरी लई नकला करतं,” ते म्हणाले. “म्हटलं, एकदा बघू.”

दीड वाजता आमची पाळी आली. प्रसंग देहूकरांच्या ओळखीचाच होता. तुकोबांना कुणी उसाची मोळी दिली, वाटेत मुलांनी मागितले तसतसे त्यांनी ऊस वाटून टाकले आणि घरी आला एकच ऊस. साहाय्यक दिग्दर्शक म्हणाले, “तुम्ही दोघं उपाशी आहात. बाबांनी एकच ऊस आणलाय. आता रडून दाखवा.” धाकटीने क्षणभर विचार केला. मग गुडघ्यावर तो नसलेला ऊस कडकन मोडला, मोठा तुकडा भाच्याच्या हाती दिला आणि धाकटा तुकडा सोलून खायला बसली. चोयट्यासुद्धा थुंकल्या! सगळे हसले. “छान, बाळ. पण रड ना!” तिने मान हलवली. “आता कशाला? ऊस मिळाला की.”

तिच्यानंतर तो सहा वर्षांचा मुलगा. तो रडला, आणि असा रडला की सारे कार्यालय चिडीचूप झाले. साहाय्यक म्हणाले, “वा! झालं, झालं.” पण त्याचे झाले नव्हते. तो सकाळपासून ताटकळला होता, भुकेला होता, आणि एकदा सुरू झालेले रडे त्याला आवरेना. पुढचा क्रमांक पुकारला गेला. वडिलांनी त्याला उचलून बाहेर नेले.

मुलांनी कामे करूच नयेत, अशा मताचा मी नाही. ‘श्यामची आई’तला श्याम झालेले माधव वझे पुढे रंगभूमीचे जाणते समीक्षक आणि दिग्दर्शक झाले. पण पालकांनी केस विंचरण्यापूर्वी बालकामगारांविषयीचे २०१७ चे नियम वाचावेत. मुलाला दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीचा किमान पाचवा भाग मुलाच्या नावे बँकेत ठेवावा लागतो. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध काम घ्यायचे नाही, असेही तिथे लिहिले आहे. त्या दिवशी कार्यालयात इच्छा विचारली जात होती ती आईबापांची.

दुपारी आम्ही देवळात गेलो. तुकोबा ज्या शिळेवर तेरा दिवस बसून राहिले असे सांगतात, ती पाहिली. तिथल्या नव्या शिळामंदिराचे लोकार्पण १४ जून २०२२ रोजी झाले. गाथामंदिरात संगमरवरी भिंतींवर चार हजारांवर अभंग कोरले आहेत. भाचा चार ओळी वाचून दमला आणि हे सगळे एका माणसाने केले का, असे तीनदा विचारून गेला. घाटावर इंद्रायणीचे पाणी पाहून मात्र जीव हळहळतो. गाथा तारली म्हणून जिची आख्यायिका, तिला वरच्या वस्त्यांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी सोसावे लागते आहे.

परतताना एका रसवंतीपाशी ते बापलेक भेटले. मुलगा चरकात जाणारा ऊस टक लावून पाहत होता. “निवडला बरं का त्याला!” वडील म्हणाले. आवाजात आनंद होता आणि थोडी भीतीही. मी त्यांना नियमांचे सांगितले, पाच तासांचे आणि बँकेचे. त्यांनी खिशातली क्रमांकाची चिठ्ठी काढून तिच्या मागे लिहून घेतले. “आणि नको म्हणाला तर?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “तर नको.” त्यांनी तेही लिहिले.

चार दिवसांनी आमच्याकडेही फोन आला. गर्दीतल्या मुलांत धाकटी हवी होती. मी तासांची, परवानगीची चौकशी केली. “सर, तेवढं कोण बघतं?” पलीकडून हसणे आले. “मी बघतो,” मी म्हणालो, “परवानगीचा कागद दाखवा, मग मुलीला विचारतो.”

कागद अजून आलेला नाही. सहामाही परीक्षा आटोपली आहे. दोघे सोसायटीच्या आवारात किल्ला करताहेत, आणि मावळे कमी पडले म्हणून मला आत्ताच बाजारात पिटाळले जात आहे.