पावसाच्या रेघा शाबूत हव्यात

टोकियोतल्या जिंबोचो भागातल्या जुन्या चित्रांच्या दुकानात शिरलं की भिंतीवर टांगलेल्या चित्रांकडे मी फारसा बघत नाही. खरा माल खालच्या रुंद, उथळ खणांत आडवा ठेवलेला असतो. तोकाइदो मार्गाच्या चित्रांचा एक खण, एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, देखाव्यांचा एक, आणि ज्यांची नावं फारशी कुणाला माहीत नाहीत अशांचा एक. आपले हात स्वच्छ आणि कोरडे आहेत हे दुकानदाराला दिसू द्यायचं, बोटातली अंगठी काढून खिशात टाकायची, मग तो खण ओढून देतो. ताव उचलायचा तो दोन्ही हातांनी. हे मला कुणी शिकवलं नाही. शेजारी उभे असलेले एक वयस्कर जपानी गृहस्थ कसे उचलतात ते बघून मी उचलू लागलो.

मी राहतो टोकियोच्या पूर्वेला, निशी-कासाईत. आपल्याकडच्या आयटीवाल्यांची इथे मोठी वस्ती आहे. कढीपत्त्यासाठी वणवण करावी लागत नाही. रोजचं जाणं-येणं तोझाई या भुयारी रेल्वेनं. हाराजुकूच्या ओता संग्रहालयात एकदा हिरोशिगे या चित्रकाराचं एक चित्र पाहिलं. वरून झेपावणारा प्रचंड गरुड, खाली बर्फानं झाकलेली ओसाड पाणथळ जमीन, लांबवर त्सुकुबा डोंगर. १८५७ सालचं चित्र. खालच्या पाटीवर ठिकाणाचं नाव होतं: फुकागावा, सुसाकी. म्हणजे कीबा आणि तोयोचो स्टेशनांच्या आसपासचाच भाग, जिथून मी रोज खांबाला धरून उभा राहून, झोपाळलेल्या डोळ्यांनी जमिनीखालून जातो. वर आता इमारतीच इमारती आहेत. त्या आठवड्यात स्टेशन आलं की मी उगाचच छताकडे बघत होतो. छंद लागला तो तिथून.

लाकडी ठशांवरून छापलेल्या या चित्रांचा कारभार कसा चालायचा हे कळल्याशिवाय त्यांची खरेदी करू नये, असं माझं ठाम मत आहे. हिरोशिगे (१७९७–१८५८) किंवा होकुसाई (१७६०–१८४९) यांनी आपल्या या चित्रांचे ठसे स्वतः कोरले नाहीत की कागदावर छापही घेतली नाही. पैसा प्रकाशकाचा. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करून देई. कोरणारा ते रेखाटन डोंगरी चेरीच्या फळीवर उलटं चिकटवी आणि त्या कागदासकट लाकूड कोरून काढी. म्हणजे चित्रकाराच्या हातचा कागद तिथेच नाहीसा व्हायचा. ‘मूळ चित्र’ असं काही उरतच नाही, उरतात त्या फक्त छापा. मग दर रंगाला वेगळा ठसा, कागद दर वेळी बरोबर त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कोपऱ्यात कोरलेली खूण, तिला म्हणतात केंतो. छापणारा ‘होशो’ नावाचा कागद ओलसर करून ठशावर ठेवून पाठीमागून ‘बारेन’ नावाच्या, बांबूच्या सालीनं मढवलेल्या चकतीनं घासतो. आभाळाचा निळा वरून खाली विरत जातो, त्याला बोकाशी म्हणतात. तो कोरलेला नसतोच. ओल्या फळीवर छापणाऱ्यानं दर वेळी हातानं रंग पुसत नेलेला असतो. म्हणून एकाच ठशाच्या दोन छापांत आभाळ कधीच सारखं नसतं.

आणि ही चित्रं महाग नव्हती. एदोतल्या माणसाला सोबा शेवयांच्या एका वाडग्याच्या आसपासच्या पैशांत एक ताव मिळायचा. माणसं ती भिंतीला डकवत, वहीत शिवत, मुलांच्या हातात देत. आज जे तुकडे आपण श्वास रोखून बघतो, त्यांच्या कडेला शिवणीची भोकं असतात, मध्ये घडी असते, वाळवीसारख्या किड्यानं पाडलेल्या वाटा असतात, ते यामुळेच.

इथेच संग्राहकांचं आपसात जमत नाही. जुन्या चित्राची पारख तीन गोष्टींवरून होते: छाप, रंग आणि कागद. बाजारात पुष्कळ जण आधी कागद बघतात. डाग नको, घडी नको, चहूबाजूंनी पूर्ण समास हवा. माझा क्रम वेगळा आहे. मी आधी रेघ बघतो. हजारो छापा काढून झाल्या की चेरीचं लाकूडसुद्धा थकतं. रेघा जाड होतात, मधेच तुटतात, बारीक जाळी भरून येते. कागदाला पडलेलं भोक ही त्या एका तावाची गोष्ट आहे. झिजलेल्या ठशातून आलेली छाप मात्र मुळातच बोथट जन्मलेली असते, मग तो ताव दीडशे वर्षं रेशमात गुंडाळून ठेवलेला असला तरी.

हे पडताळायला सगळ्यात चांगलं पावसाचं चित्र. तोकाइदो म्हणजे एदो ते क्योतो हा रस्ता, वाटेत त्रेपन्न मुक्काम. त्यावर हिरोशिगेनं होएइदो या प्रकाशनासाठी १८३३–३४ च्या सुमारास ५५ चित्रांची मालिका केली. त्यातलं शोनोचं चित्र अनेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असेल. तिरपा पाऊस, चढाच्या रस्त्यावर पालखी घेऊन धावणारे भोई, मागे करड्या रंगांच्या तीन थरांत वाऱ्यानं वाकलेली झाडी. उजवीकडे उताराला लागलेल्या माणसाच्या छत्रीवर सुरुवातीच्या छापांमध्ये अक्षरं आहेत, ‘ताकेनोउची’ आणि ‘त्रेपन्न मुक्काम’. प्रकाशकाचं नाव ताकेनोउची मागोहाची. भर पावसात साहेबांनी जाहिरात करून घेतलीय! पुढच्या छापांत ती अक्षरं नाहीत.

माझ्याकडे जो ताव आहे त्याच्या छत्रीवर अक्षरं नाहीत. समासही कापलेले आहेत, मधोमध घडी आहे, मागून पातळ कागद लावून तो कधीतरी सांधलेला आहे. दुकानदारानं हे सगळं न विचारता सांगितलं आणि किंमतही तशीच लावली. मी तो ताव खिडकीपाशी नेला आणि उजेड बाजूनं येईल असा आडवा धरला. पावसाच्या रेघा शाबूत होत्या, छपराच्या गवतासकट. पाठ बघितली तर रंग कागदात मुरून मागे उमटलेला, बारेनचे गोल फराटे दिसत होते. मी आणखी काही विचारलं नाही.

आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिला हे चित्र दाखवलं. तिनं चष्मा लावून बघितलं, पाठीवर गवताचं आच्छादन घेतलेल्या माणसावर बोट ठेवलं (काचेवर, नशीब) आणि म्हणाली, “हे तर इरलंच की रे.” मग लावणीच्या दिवसांत तिच्या माहेरी इरली कशी विणायचे ते अर्धा तास ऐकलं. शोनोच्या चित्रावर मी पुष्कळ जाडजूड पुस्तकं चाळली आहेत. त्या पावसात भिजणं म्हणजे काय हे ठाऊक असलेलं माणूस मात्र आईच्या आधी भेटलं नव्हतं.

याच मालिकेतल्या कानबाराच्या बर्फाच्या रात्रीचं चित्र मला परवडत नाही. ते दुकानात आलं की मी बघून घेतो. त्याचे दोन प्रकार मिळतात. एकात आभाळ वरच्या कडेला काळं, दुसऱ्यात काळोख खाली क्षितिजाशी दाटलेला. ठसे तेच, छापणाऱ्यानं रंग पुसायची दिशा बदलली की रात्र बदलते. गंमत म्हणजे कानबारा तसं उबदार किनाऱ्यावर, तिथे एवढा बर्फ पडतच नाही. हिरोशिगेला बर्फ हवा होता, त्यानं पाडला. होकुसाईबद्दल तर बोलायलाच नको. फुजी पर्वताच्या त्याच्या ‘छत्तीस’ देखाव्यांत प्रत्यक्षात ४६ चित्रं आहेत, आणि त्यातल्या मोठ्या लाटेची एक छाप मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. त्या लाटेचा निळा म्हणजे बर्लिनहून नाव घेऊन आलेला प्रशियन निळा. तो टिकाऊ आहे. त्याआधीचा फुलांपासून काढलेला निळा आणि करडईचा गुलाबी हे रंग उजेडात बघता बघता उडतात. जुन्या चित्रातलं आभाळ राखाडी-पिवळं दिसलं तर चित्रकारानं ते तसं ठेवलं होतं असं समजू नये.

तारखेच्या बाबतीत मात्र जपानी सरकारी कारभाराचे आभार मानावेत. १७९० च्या दशकापासून चित्र छापायला परवानगीचा शिक्का लागे. शिक्क्यांची तऱ्हा काही वर्षांनी बदलत गेली, म्हणून शिक्का वाचता आला की काळ कळतो. ‘एदोचे शंभर प्रसिद्ध देखावे’ या मालिकेत (१८५६ ते १८५९) परवानगीच्या शिक्क्याबरोबर प्राण्याच्या नावानं वर्षही असतं: १८५६ ड्रॅगनचं, १८५७ सापाचं, १८५८ घोड्याचं. पण हे शिक्के बहुधा समासात असतात, आणि वहीत बसवताना समास कापला की तारीख गेली. कापलेल्या समासाचं मला दुःख होतं ते एवढ्यापुरतंच.

विसाव्या शतकाकडे मी उशिरा वळलो. वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकानं जुनी पद्धत, म्हणजे चित्रकार, कोरणारा, छापणारा असे वेगळे हात, पुन्हा उभी केली. त्याच्याकडचा चित्रकार कावासे हासुई (१८८३–१९५७) हा बर्फाचा आणि संध्याकाळच्या निळ्याचा राजा. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत वातानाबेचं दुकान, ठसे, शिल्लक छापा आणि हासुईच्या रेखाटनवह्या जळाल्या. त्यामुळे त्याआधीच्या छापा फार थोड्या उरल्या. पुढे हासुई गेल्यावरही त्याच्या ठशांवरून छापा निघत राहिल्या, तेव्हा इथे समासातला प्रकाशकाचा शिक्का बघावाच लागतो. युद्धानंतरच्या छापांवरचा छोटा गोल शिक्का जेमतेम सहा मिलिमीटरचा आहे. लाल देवडीसमोर बर्फात छत्री धरून चाललेली बाई दाखवणारं त्याचं झोजोजी मंदिराचं चित्र १९२५ चं. परवापर्यंत ‘आधुनिक’ म्हणवणारं हे चित्रही आता शंभरी ओलांडून पुराणवस्तूंत गेलं.

आणि योशिदा हिरोशी (१८७६–१९५०). तो प्रकाशकाच्या हाताखाली राहिला नाही. स्वतःचं छापखान्याचं दुकान मांडून कोरणाऱ्या-छापणाऱ्यांच्या डोक्यावर उभा राहायचा. निक्कोच्या योमेइमोन दरवाज्याच्या चित्रासाठी त्यानं एकाच कागदावर नव्वदहून अधिक वेळा ठसे उमटवले. १९३० च्या अखेरीस मोठ्या मुलाला, तोशीला, घेऊन तो भारतात आला. त्या प्रवासातून ताजमहाल, बनारस, उदयपूर, कांचनगंगा ही चित्रं आली, आणि अजिंठा व वेरूळही.

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. एका पावसाळी शनिवारी दुकानदारानं खणातून वेरूळचा ताव काढून पुढ्यात ठेवला तेव्हा मात्र मला जपानी शब्द सुचेनात. डाव्या समासात ‘जिझुरी’चा शिक्का होता, म्हणजे चित्रकाराच्या देखरेखीखालची छाप. खाली पेन्सिलनं इंग्रजीत सही. त्याच्या मृत्यूनंतरच्या छापांवर पेन्सिलची सही नसते, छापील असते. “तुम्ही इथे गेला आहात?” दुकानदारांनी विचारलं. शाळेच्या सहलीत एसटीनं गेलो होतो, असं सांगितलं. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं आहे, नको तो दगड काढून टाकला आणि उरलं ते देऊळ, हे मी जमेल तसं समजावलं. ते हसले. आमचं लाकूडही तसंच, म्हणाले. जे कोरत नाही तेच छापलं जातं.

तो ताव मी घेतला. घरी बायकोनं किंमत ऐकून विचारलं, “आणि हे कपाटात ठेवायचं?” हो, कपाटातच. आम्लरहित कागदाच्या घडीत, आडवं, अंधारात. पुण्याच्या घरी नेण्याचा विचार सध्या नाही, कारण आपल्या पावसाळ्यात कागदावर तांबूस बुरशीचे ठिपके उमटायला एक ओली भिंत पुरते. संग्रहालयंसुद्धा ही चित्रं मंद उजेडात आणि थोडे दिवसच लावतात. ओता संग्रहालयात दर महिन्याला प्रदर्शन बदलतं.

हे सगळं श्रीमंतांचं काम आहे असं वाटत असेल तर तसं नाही. हिरोशिगेच्या लहान आकाराच्या तोकाइदो मालिकांमधला, फारसा न गाजलेल्या मुक्कामाचा, समास कापलेला अस्सल ताव आजही मधल्या दर्जाच्या मोबाइलच्या किमतीत मिळतो. घ्यायचा असेल तर चौकटीतून बाहेर काढून मागा, पाठ बघा, भिंग लावा. भिंगाखाली बारीक रंगीत ठिपके दिसले तर तो यंत्रावरचा छापा आहे, परत द्या. रेघ स्वच्छ असेल तर घडी आणि किड्याची भोकं बघून मागे फिरू नका. किंमत त्यामुळेच तुमच्या आवाक्यात आलेली असते.