चौकटीवरचीं अक्षरें

आमच्या बिऱ्हाडासमोर बेने इस्रायल समाजांतील एक कुटुंब पुष्कळ वर्षांपासून राहतें. कोंकणांत ज्यांना लोक पूर्वीं 'शनवार तेली' म्हणत, त्यांच्यापैकींच हें घराणें. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची एक डबी ठोकलेली होती, व घरांतील मंडळी जातां-येतां तिला हात लावून तो ओठांशीं नेत. पूज्य वस्तु ती डबीच, अशी आमची इतके दिवस समजूत. वास्तविक डबी हें नुसतें आवरण; खरी वस्तु आंत असते, हें आम्हांस अलीकडे एका अप्रिय प्रसंगानें कळलें.

घरांतील वडील बाई आमच्या मुलांच्या आजी, म्हणून आम्हीही त्यांस आजीच म्हणतों. त्यांचा नातू इस्रायलांत असतो. मागच्या खेपेस तो आला तेव्हां बाहेरच्या व माजघराच्या दारावरील डब्या उतरवून, तपासून आणतों म्हणून घेऊन गेला. आंतील गुंडाळीस मेझुझा म्हणतात. तोरेच्या पांचव्या ग्रंथांतील दोन उतारे चर्मपत्रावर हातानें लिहिलेले असतात. एकंदर अक्षरें ७१३. सात वर्षांत दोनदां ती उघडून पाहावी असा नियम आहे. पण येथें पाहणार कोण, म्हणून तें राहून गेलें होतें.

पुढें नातवाचा निरोप आला. माजघराच्या दारावरची, चांदीच्या सुबक डबींतली, वीसेक वर्षांपूर्वीं एका दुकानांतून घेतलेली मेझुझा लिहिलेली नव्हतीच. तो छापील कागद होता! दुसरी आजोबांच्या वेळची, अस्सल चर्मपत्रावरची. पण तिच्यांतील एका अक्षराची शाई झडून त्याचा पाय तुटला होता. तीही बाद.

पहिली गोष्ट ऐकून आजी एवढेंच म्हणाल्या, "डबी मात्र चांगली आहे; तींत नवी घालूं." दुसरीनें मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें.

"आजी, एकच अक्षर ना? तेवढें गिरवून घ्या कीं," आम्ही म्हणालों.

"तसें चालत नाहीं, भाऊ."

कां चालत नाहीं, तें नातवानें त्यांना समजावून दिलें होतें. मेझुझेंतील अक्षरें ज्या क्रमानें वाचावयाचीं, त्याच क्रमानें लिहिलीं गेलीं पाहिजेत. मधलें एखादें मागाहून घडविलें, तर तें आपल्या पुढच्या सर्व अक्षरांहून धाकटें ठरतें. सबंध तोरेच्या गुंडाळीस, जींत ३,०४,८०५ अक्षरें असतात, ही अट नाहीं. तेथें चूक खरवडून सुधारतां येते. मात्र ईश्वराचें नांव तेथेंही पुसतां येत नाहीं. तें चुकलें तर सबंध तुकडा काढून पुरावा लागतो.

यानंतर आम्हांस या विषयाचा छंदच लागला. लिहिणारा तो सोफेर. कातडें शुद्ध मानलेल्या जनावराचें, आणि तेंही या कार्याचा संकल्प करून कमावलेलें. शाई मायफळ, हिराकस व डिंक यांची. युरोपीय परंपरेंतील सोफेर पिसाच्या लेखणीनें लिहितात, पूर्वेकडचे बोरूनें. तोरा मुखोद्गत असली तरी समोर प्रत ठेवून, शब्द तोंडानें उच्चारून मगच लिहावयाचा. अक्षरास अक्षर लागतां कामा नये. इतका कांटेकोरपणा कशास, असें वाचकांस वाटेल, आम्हांसही वाटलें. पण 'ईश्वर एक आहे' या त्यांच्या मुख्य वचनांत 'एक' या शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा कोपरा गोल झाला, तर 'एक'चें 'दुसरा' होतें! लेखणीच्या एका वळणांत सगळा धर्म उलटा!

अक्षर संशयास्पद असेल तर काय करतात, हें ऐकून आम्हांस मोठी मौज वाटली. नुकतीच अक्षरओळख झालेल्या, फार चलाख नाहीं व अगदीं मंदही नाहीं अशा लहान मुलाकडून तें वाचवितात. जाणता मनुष्य संदर्भावरून जें असावयास हवें तेंच वाचतो. मुलाला संदर्भ कळत नाहीं. आमच्याकडे वेद राखिले ते कानानें, पद-क्रम-घनाच्या पाठांनीं. पोथी लिहिणारा मात्र शेवटीं चुकीची क्षमा मागून मोकळा. सोफेरास ती सवलत नाहीं.

आतां संगणकाचेंही साहाय्य घेतात. छायाचित्रावरून तो गळलेलें किंवा अधिक पडलेलें अक्षर दाखवितो, आणि तपासनिसांच्या नजरेंतून सुटलेल्या चुका त्यानें पकडल्या आहेत. पण शाईच्या डागांत बुडालेलें अक्षर भोंवतालची शाई खरवडून मोकळें केलें, तर तें लिहिलें गेलें नाहीं म्हणून बाद. दिसावयास मात्र तें निर्दोष असूं शकतें. क्रम मोडला कीं काय, ईश्वराचें नांव लिहितांना सोफेराच्या मनांत तो भाव होता कीं नव्हता, याची खूण चर्मपत्रावर कोठें उमटणार?

तालमूदांत एक हकीकत आहे. एक सोफेर रब्बी अबाहू यांजकडे आला व म्हणाला, अमक्यासाठीं मीं तोरा लिहिली, पण तिचें कातडें त्या संकल्पानें कमावलेलें नव्हतें. ग्रंथ तर घेणाराच्या घरीं पोहोंचलेला. रब्बींनीं विचार केला कीं, या बोलण्यानें आपली सगळी मजुरी बुडते हें जाणूनही ज्या अर्थीं हा बोलत आहे, त्या अर्थीं याच्यावर विश्वास ठेवला पाहिजे. ग्रंथ बाद ठरला. हा सोफेर गप्प बसता तर कोणास काय कळणार होतें! आजींस छापील कागद विकणाऱ्या दुकानदाराला कदाचित् आपण काय विकतों याची कल्पनाही नसेल. पण मग त्यानें डबीच विकावी, आंतील वस्तूची हमी देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

नव्या मेझुझा अजून यावयाच्या आहेत. जुनी मात्र आजींनीं परत मागविली आहे. आजोबांना ज्या कबरस्तानांत ठेविलें, तेथेंच ती पुरावयाची असें त्यांनीं ठरविलें आहे. तोंवर चौकट रिकामी आहे. जेथें डबी होती तेथें बोटभर जागेचा रंग उजळ राहिला आहे, आणि बाहेर पडतांना आजींचा हात अजून तेथेंच जातो.